भरून आलेले डबे

भोर, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. धनाजीस,

आशीर्वाद. पिशवी हातात आली की आधी हे पत्र वाच, मग डबे उघड. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या वस्तीवर रेंज नाही आणि तू खाली हिर्डोशीत उतरून फोन लावतोस तेव्हा दहा माणसं कान देऊन उभी असतात. शिवाय फोनवर तू नुसतं "व्हय, व्हय" म्हणतोस आणि घरी जाईपर्यंत विसरतोस. कागद विसरत नाही. चुलीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेव.

भाऊबीजेला आले होते तेव्हा प्रेरणा काठवटीत पीठ मळत होती आणि मांडीवर भूमितीचं पुस्तक उघडं होतं. पुस्तकाच्या पानाला पीठ चिकटलेलं. मंगलला, तिच्या आईला, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. दहावीचं वर्ष आहे रे पोरीचं. सकाळी भाकरी, धुणं, पाणी, मग पाऊण तास डोंगर उतरून शाळा, परत चढून आली की पुन्हा चूल. उन्हाळ्यात आपल्या आईचा उजवा हात मोडला तेव्हापासून तिला भाकरी थापता येत नाही, आणि तू दिवसभर शेरडांमागे. मी नववीत शाळा सोडली ती त्याच चुलीपायी, हे तुला वेगळं सांगायला नको. तू त्या वर्षी माझ्या हातच्या भाकरी खाऊन शाळेत जायचास.

तर मी असं ठरवलंय. तुला माहीत आहे, मी कापूरहोळच्या पुढे कंपनीत पॅकिंगला जाते. सहाला गाडी येते. रोज दोन वेळचं रांधून जाणं मला जमेना, म्हणून दोन वर्षांपासून रविवारीच आठवड्याचं करून ठेवते. कडधान्यं भिजवून, शिजवून, गार करून डब्यात. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून त्याच्या वड्या. चपात्या अर्ध्याकच्च्या भाजून मधे कागद घालून. तुझ्या दाजींनी बंद झालेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला जुना डीप फ्रीज स्वस्तात आणला, तो आता पुरेपूर वसूल होतोय. टोमॅटो मातीमोल असतात तेव्हा पोतंभर घेऊन शिजवून ठेवते, महाग झाले की माझं काही अडत नाही. फक्त बटाटा आणि पिठलं त्यात ठेवायचं नाही, चव जाते.

आता तुमचंही मीच करणार. मंगळवारी चार डबे, शुक्रवारी चार. सकाळच्या एसटीनं. कंडक्टर मानसिंग ओळखीचा आहे, तो हिर्डोशीच्या थांब्यावर पिशवी देईल आणि आधीचे डबे परत घेऊन येईल. डबे दगडासारखे गोठवलेत आणि गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेत. थंडीचे दिवस आहेत. दोन आजच खा, दोन ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेव, ते उद्या. वितळलेलं पुन्हा ठेवायचं नाही, खळखळून उकळायचं आणि संपवायचं. प्रेरणानं फक्त भात लावावा. बाकीचा वेळ पुस्तकाचा.

आईला सांग, हे शिळं नव्हे. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांग.

तुझी,
साधना


हिर्डोशी, शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ती. अक्कास,

धनाजीचा नमस्कार. डबे गारच मिळाले. मटकीची उसळ आणि अख्खा मसूर त्याच दिवशी खाल्ला. आई आधी "परवाचं कालवण हाय का ह्ये?" म्हणून नाक मुरडून बसली. मग दोनदा वाढून घेतलं. प्रेरणानं संध्याकाळी दिव्याजवळ बसून अभ्यास केला. मला बघून बरं वाटलं.

चार डबे परत पाठवतो आहे. आई म्हणाली, "रिकामं भांडं ह्या घरातनं धाडू न्हाई." म्हणून दोन डब्यात नाचणीचं पीठ, एकात खुरासणीची चटणी, एकात घरचा तांदूळ आहे. थोडंच आहे, गोड मानून घे.

दाजींना नमस्कार सांग. काळी गाय व्यायला आली आहे.

धनाजी


भोर, शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चि. धनाजीस,

आशीर्वाद. या खेपेला हरभऱ्याची उसळ, चवळी, पालकाची डाळ आणि कोथिंबिरीच्या वड्या आहेत. वड्या वाफवलेल्या आहेत, नुसत्या तव्यावर परतून घ्यायच्या.

चटणीचं काय सांगू! डबा उघडला आणि वासावरूनच ओळखलं, ही आईच्या हातची. तिच्यासारखी खुरासणी भाजणं कुणाला जमत नाही. मंगल गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. आता ती उठून बसलीय, हात चालवतेय, हे कळून मला रडूच आलं. डबा भरून पाठवायचा म्हणून का होईना, तिचा जीव कशात तरी लागला. म्हणून मी तिला "कशाला उगाच" म्हणणार नाही. पाठवू दे.

कंपनीत जेवायच्या सुट्टीत चटणी नेली होती. बायकांनी डबा पुसून खाल्ला. माझ्या लाइनवर सुलक्षणा म्हणून आहे, ती म्हणते, "ताई, तुमच्या आईला म्हणावं, अजून पाठवा." तेव्हा चटणी जरा जास्त येऊ दे. पावटे सुरू झाले असतील तर सोललेले दाणे पाठव, मी बर्फात ठेवीन, आपल्याला उन्हाळ्यात होतील.

आईचा हात आता पूर्ण बरा झाला ना? लिही.

साधना


हिर्डोशी, शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ती. अक्कास,

नमस्कार. पावट्याचे दाणे दोन डबे, चटणी दोन डबे. आई बरी आहे. हाताचं चाललं आहे. तू काळजी करू नकोस.

काळी गाय व्याली, कालवड झाली. मंगळवारी खरवस पाठवीन. प्रेरणा अभ्यास करते.

धनाजी


हिर्डोशी, शुक्रवार, १२ डिसेंबर

ती. आत्यास,

प्रेरणाचा साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही पाठवता ते सगळे पदार्थ आम्हाला फार आवडतात. चपात्या तर तव्यावर टाकल्या की ताज्या होतात. आजीला पालकाची डाळ आवडली.

एक विनंती आहे. आम्ही तिघंच आहोत. आठवड्याला आठ डबे जास्त होतात. त्याऐवजी चारच पाठवले तरी चालतील. मी थोडा स्वयंपाक केला तर मला काही त्रास नाही, उलट सोपं जाईल. तुम्हीसुद्धा नोकरी करून रविवारी उभ्या राहता. कृपया राग मानू नये.

आपली,
प्रेरणा


भोर, मंगळवार, १६ डिसेंबर

चि. प्रेरणास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी तुझ्या काकांना वाचून दाखवलं. दोघांनाही भरून आलं. अगदी मंगलचा स्वभाव उतरलाय तुझ्यात. तीही अशीच भिडस्त, पोटभर जेवली तरी वाढणाऱ्याला त्रास नको म्हणून अर्ध्यातच उठायची.

पण आत्याशी भीड धरायची नाही. "स्वयंपाक सोपा जाईल" म्हणे! मी चांगली ओळखून आहे. तुझी आत्या दमते म्हणून तू हे लिहिलंस ना? मला काही होत नाही. चारसाठी केलं काय आणि सातसाठी केलं काय, पातेलं तेवढं मोठं. या वेळेपासून चार नाही, पाच डबे पाठवते आहे. म्हणजे आठवड्याला दहा. पाचव्यात मटार आहेत, आता बाजारात स्वस्त झालेत. जानेवारीत तुझी सराव परीक्षा. तोपर्यंत तू चुलीकडे बघायचंसुद्धा नाही.

आजीला सांग, सुलक्षणाच्या मुलीचं डोहाळजेवण आहे, तिला दोन डबे चटणी हवी. आणि नाचणीचं पीठ फार गोड होतं, अजून असेल तर पाठवा. चिंच निघाली असेल तर तीही. मी इथे माहेरची पिशवी उघडते तेव्हा मला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतं.

तुझी,
आत्या


भोर, मंगळवार, २० जानेवारी २०२६

धनाजी,

काल बाजारात प्रेरणाच्या वर्गशिक्षिका भेटल्या. त्यांनीच मला ओळखून थांबवलं. सराव परीक्षेत बीजगणितात चाळीसपैकी अकरा आणि भूमितीत नऊ. तू मला हे कळवलं नाहीस. तीन पत्रं आली तुझी, गाईचं आलं, कालवडीचं आलं, पोरीच्या निकालाचं एक अक्षर नाही.

बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात बसल्या बसल्या झोपते. हाताच्या बोटांना फोड आले होते, विचारलं तर म्हणाली, काही नाही. त्या म्हणाल्या, "घरी काम फार आहे का हो?" मी तिथे ताठ मानेनं सांगितलं, काम काहीच नाही, सगळं जेवण मी इथून पाठवते.

आता तूच सांग. चूल मी बंद केली, मग पोरगी करते तरी काय? मोबाईल देतोस का तिला? का शेरडांमागे धाडतोस? खरं सांग. मी दर रविवारी चार तास उभी राहते ती कशासाठी? माझ्या कंबरेचं मला काही नाही. पण ही पोरगी गणितात गेली तर तिला पुन्हा शाळेत कोण घालणार आहे? तू? एकदा घरी बसली की बसली. मी बसले तेव्हा सगळे म्हणाले होते, पुढच्या वर्षी जाईल. ते पुढचं वर्ष कधी आलं नाही.

आणि तिलाही सांग, आत्याला वाईट वाटलं म्हणून. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

साधना


हिर्डोशी, शुक्रवार, २३ जानेवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पप्पांनी वाचून खिळ्याला अडकवलं होतं, ते मी वाचलं. हे पत्र मी शाळेत बसून लिहिते आहे आणि थांब्यावर स्वतः पिशवीत ठेवणार आहे. पप्पांना माहीत नाही.

माझ्याकडे मोबाईल नाही. पप्पांचा आहे, तो वस्तीवर लागत नाही. शेरडांमागे मी जात नाही.

आधी हे सांगते की तुमच्या डब्यांमुळे स्वयंपाकाचा वेळ खरंच वाचला. पहिल्या आठवड्यात मी बीजगणिताची दोन प्रकरणं पूर्ण केली होती. पण डबे परत पाठवताना भरावे लागतात. आधी आठ होते, आता दहा आहेत.

आजीचा हात बरा झालेला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा ती डाव्या हातानं धरते. चटणी मी करते. आजी शेजारी बसून "अजून भाज, आता उतर" असं सांगते, म्हणून तिच्यासारखी चव येते. खुरासणी निवडायची, भाजायची, उखळात कुटायची. दोन डबे कुटले की हाताला फोड येतात. नाचणी धुऊन, वाळवून डोक्यावरून खाली गिरणीत न्यावी लागते. पावटे सोलायचे, तांदूळ निवडायचा, चिंचेचे चिंचोके काढायचे. शिजवायला जेवढा वेळ लागायचा त्याहून हा जास्त लागतो. पण तुम्ही लिहिलंत की डबा पुसून खाल्ला, तेव्हा मला छान वाटलं. मी केलेलं कुणी पहिल्यांदाच एवढं नावाजलं होतं. म्हणून मी गप्प बसले. चार डबे करा असं लिहिलं तेव्हाच खरं कारण लिहायला हवं होतं. चूक माझी आहे.

आजीला मी एकदा विचारलं होतं, डबे रिकामे दिले तर काय होतं? आत्या तर आपल्याच आहेत. आई गेली तेव्हा आपल्या घरात चूल पेटवायची नव्हती. तेरा दिवस खालच्या वस्तीतून डबे यायचे आणि आम्ही ते धुऊन रिकामेच परत द्यायचो, कारण दुखवट्याच्या घरातून भरलेलं भांडं देत नाहीत. आजी म्हणाली, "तेरा दिस रिकामी भांडी गेली ह्या घरातनं. म्या मोजत हुते. आता पुन्यांदा न्हाई जायाची, म्या हाय तवर." त्यानंतर मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिला रागावू नका.

बीजगणिताचा पेपर मंगळवारी होता. सोमवारी संध्याकाळी पाच डबे भरायचे होते. भूमितीच्या आदल्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून दुसऱ्या गावच्या गिरणीत गेले होते.

तुम्हाला वाईट वाटलं, त्याबद्दल माफ करा. सुलक्षणाताईंच्या चटणीचे दोन डबे याच पिशवीत आहेत.

आपली,
प्रेरणा


भोर, मंगळवार, २७ जानेवारी

धनाजी,

प्रेरणाचं पत्र मला मिळालं. तिनं मला सगळं लिहिलंय. तिला एक शब्द बोलायचा नाही. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. ती मधे थांबवेल, तरी शेवटपर्यंत वाच.

आई, मी तुझी लेक. मला वाटलं तुझा हात बरा झाला. मी चटणी खात होते आणि माझी आई उठून बसली म्हणून देवापुढे दिवा लावत होते. ती चटणी पोरीनं फोड आलेल्या हातांनी कुटली होती. आई, तिचे मार्क मी खाल्ले. कंपनीतल्या बायकांना बोलावून बोलावून खाऊ घातले. आणि तिनं हात जोडून डबे कमी करा म्हटलं तर मी वाढवले. मला काल जेवताना स्वतःची इतकी लाज वाटली की ताट बाजूला सारलं. फडताळात अर्धा डबा चटणी आहे, तिला हात लावायची हिंमत होत नाही.

रिकाम्या डब्याचं तुझं दुःख मला समजतं. मंगल माझीही भावजय होती. त्या तेरा दिवसांतले चार दिवस मीही तिथे होते. पण आता डबे भरायचे नाहीत. रिकामे पाठवा, नाहीतर पाठवूच नका, मी नवे घेईन.

आणि धनाजी, तुला वेगळं विचारते. मी आईच्या हाताचं विचारलं तेव्हा तू "हाताचं चाललं आहे" असं लिहिलंस. तू खोटं बोलला नाहीस आणि खरंही सांगितलं नाहीस. का? रोज तुझ्या डोळ्यांसमोर ती उखळापाशी बसत होती.

शाळेला आता अभ्यासाची सुट्टी लागेल. परीक्षेचं सेंटर भोरलाच आलंय. प्रेरणाला माझ्याकडे पाठव. पहिला पेपर वीस फेब्रुवारीला आहे. तोपर्यंत आणि पुढे शेवटच्या पेपरापर्यंत ती इथे राहील. शेजारी गणिताचे सर आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तुम्हा दोघांचे डबे मी पाठवत राहीन.

साधना


हिर्डोशी, शुक्रवार, ३० जानेवारी

ती. अक्कास,

नमस्कार. पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं मधे थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "माज्यामुळं झालं व्हय?" आणि गोठ्यात जाऊन बसली. अजून जेवली नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. समोर बसून मला हे सांगता आलं नसतं.

मला सगळं माहीत होतं. संध्याकाळी मी शेरडं घेऊन डोंगराच्या धारेवरून उतरतो तेव्हा घराकडून उखळाचा आवाज येतो. मंगल असतानाही यायचा. वरून माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. घरी पोचेपर्यंत मला वाटायचं की घरात सगळं आहे तसं आहे. तेवढी वाट मला बरी जायची. तुझे डबे आले तेव्हा पहिले दोन दिवस संध्याकाळी घर मुकं होतं. मग आईनं डबे भरायला लावले आणि आवाज परत आला. मी म्हटलं, चालू दे. पोरगी दमते हे मला दिसत होतं. फोडही दिसले. मी तिला तेल लावायला सांगितलं. थांब म्हणालो नाही. बाप असून मी असं केलं. तुला काय म्हणायचं ते म्हण.

पण तिला भोरला पाठवणं जमायचं नाही. आईचं कोण बघणार? केस विंचरण्यापासून सगळं प्रेरणाच करते. मी दिवसभर वर असतो. पोरगी इथेच राहील, मी तिला काम लावणार नाही, एवढा शब्द देतो.

डबे भरलेत. आई काही बोलली नाही, पण रिकामे द्यायचा मला धीर झाला नाही. या वेळी तांदूळ मी निवडलाय. खडा लागला तर तो माझा.

धनाजी


भोर, मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. धनाजीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला काय म्हणू? तुझ्या जागी मी असते तर मीही तो आवाज ऐकत राहिले असते.

पण शब्द देऊ नकोस. तू शब्द पाळशील आणि तरी ती काम करेल. तू म्हणशील "राहू दे" आणि ती म्हणेल "एवढंच करते", आणि तू दुसरीकडे बघशील. तुम्हा दोघांनाही मी ओळखते. त्या घरात चूल समोर असेपर्यंत ती पोरगी पुस्तक धरणार नाही.

रविवारी मी येते आहे. तुझे दाजीही येतील, ते आईजवळ आठ दिवस राहतील, सुट्टी टाकली आहे. शिवाय खालच्या वस्तीतली गेनबाची सून सकाळ-संध्याकाळ येऊन आईचं करेल, तिला मी निरोप पाठवलाय आणि ती आनंदानं हो म्हणाली. प्रेरणाची वह्या-पुस्तकं बांधून ठेव. मी चहाला बसणार नाही, परतीच्या गाडीनं तिला घेऊन निघेन.

साधना


हिर्डोशी, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. प्रेरणास,

पप्पाचा आशीर्वाद. तुला मी पत्र कधी लिहिलं नव्हतं. आज पहिलंच. अक्षर लागलं नाही तर आत्याला विचार, तिला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

आजी बरी आहे. गेनबाची सून येते, वेणी घालते. आजी तिला रोज सांगते, "माजी नात घालती तशी न्हाई जमत तुला." तीही हसते. दाजींना आजीनं पाच दिवसांत गाईची धार काढायला शिकवली, आता रविवारी ते तिकडे परत येतील. तुझ्या कालवडीला दाजी दिसले की ती अंगावर धावते.

भाकरी मी करतो. पहिल्या दिवशी तिचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी एका बाजूनं करपली. आजी म्हणाली, "कच्ची हाय," आणि सगळी खाल्ली. आता जरा गोल होते. तू रोज शाळेत जायच्या आधी सहा करायचीस, हे मी बघत होतो. तरी मला ते कळत नव्हतं. हाताला चटका बसल्यावर कळलं.

मंगळवारी डबे परत द्यायचे होते. मी धुऊन पालथे घातले आणि पिशवीत भरायला लागलो. आजी म्हणाली, "हिकडं आण." मला वाटलं, ती काहीतरी भरायला सांगणार. तिनं पाचही डबे मांडीवर घेतले. एकेक डबा डाव्या हातानं पदरानं आतून पुसला, झाकण लावलं आणि माझ्याकडे दिला. पाच डबे पुसायला तिला बराच वेळ लागला. मग म्हणाली, "मंगल गेली, ती काय डबं भरल्यानं माघारी यायची न्हाई. जाऊ दे रिकामं." एवढं बोलून तोंडाला पदर लावून रडली. तुझी आई गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मीही तिच्याजवळ बसलो. एसटी चुकली, डबे आजच्या गाडीनं पाठवतो आहे.

मानसिंगच्या हाती तू निरोप पाठवलास की परीक्षेच्या आधी या रविवारी एक दिवस घरी येते, आजीला न्हाऊ घालते, चार दिवसांच्या भाकरी आणि चटणी करून ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. निरोप ऐकून आजीनं अंथरुणसुद्धा उन्हात टाकलं.

बाळ, तू येऊ नकोस.

संध्याकाळी मी वरून उतरतो तेव्हा घराकडून काही आवाज येत नाही. मला ते फार जड जातं, तुला खोटं कशाला सांगू? रविवारी तू आलीस तर तू उखळापाशी बसशील, आणि मी तुला ऊठ म्हणणार नाही. इतके महिने मला ते जमलं नाही, एका दिवसात जमणार नाही. मग सोमवारी तू जाते म्हणशील आणि मी म्हणेन, अजून एक दिवस राहा. माझं मला माहीत आहे.

म्हणून म्हणतो, येऊ नकोस. आजीला मी समजावलंय. शेवटचा पेपर सुटला की मी सेंटरच्या फाटकाशी उभा असेन, मग आपण दोघं मिळून घरी येऊ.

तुझा,
पप्पा